रंग डोक्यावर घेताना

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीच्या दुचाकी पार्किंगमध्ये सकाळी अकराच्या सुमारास चक्कर मारा. गाड्या नाना तऱ्हेच्या दिसतील. पिस्ता रंगाची स्कूटर, लाल टाकीची बुलेट, निळी-पांढरी स्पोर्ट्स बाईक. आरशांना अडकवलेली हेल्मेटं मात्र बहुतेक सगळी काळी. चकचकीत काळी, मॅट काळी, नाहीतर काळ्यावर राखाडी रेघा. गाडीच्या रंगावरून घरात दोन-दोन दिवस खल चालतो. हेल्मेट शोरूमवाल्याने गाडीबरोबर हातात ठेवलेलं असतं, किंवा पुढच्या चौकात पोलीस उभे आहेत असं कळल्यावर घाईघाईत उचललेलं असतं. पुण्यात तर हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढण्याची परंपराच आहे. ज्या वस्तूशी आपला संबंध दंडाच्या पावतीपुरता, तिच्या रंगाचा विचार कोण करणार?

करणारे आहेत. ते नाना पेठेतल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत भेटतात, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजांत भेटतात, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या होस्टेलांत भेटतात. मोठ्या शहरांत हेल्मेट रंगवून देणारे स्टुडिओही निघाले आहेत. एअरब्रशने कवटी, वाघ, महाराज, सांगाल ते काढून देतात आणि त्याचे काही हजार रुपये घेतात. त्यांच्याबद्दल इथे काही लिहायचं नाही. हा लेख घराच्या गॅलरीत किंवा गच्चीत, हजार-बाराशेच्या आत काम उरकू पाहणाऱ्यांबद्दल आहे. त्यांचं काम बघून माझं जे मत झालं ते आधीच सांगतो. या उद्योगात रंग ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शेवटची गोष्ट आहे. पैसा हेल्मेटवर घालावा, वेळ घासण्यावर घालवावा आणि रंगाच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात.

काळ्या हेल्मेटांबद्दलची माझी कुरकूर फक्त सौंदर्याची नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंड भागात मोटारसायकलस्वारांचा एक अभ्यास झाला होता. तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. काळं हेल्मेट घालणाऱ्यांच्या तुलनेत पांढरं घालणाऱ्यांना अपघातात इजा होण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला. चमकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक ३७ टक्क्यांचा होता. आता हा गुण रंगाचा, की पांढरं हेल्मेट निवडणारी माणसं मुळातच सावध असतात, यावर वाद घालता येईल. तरी रात्री वारज्याच्या पुलाखालून जाताना मागच्या ट्रकवाल्याला आपण दिसावं, एवढं तर कुणालाही वाटेल. आपल्याकडचा प्रश्न अर्थात याच्याही अलीकडचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. तेव्हा रंग कुठलाही असो, आधी ते डोक्यावर हवं. स्वतःच्या हाताने रंगवलेलं हेल्मेट माणूस आरशाला लटकवून न ठेवता घालतो, असं हा छंद असलेली मंडळी सांगतात. ते सिद्ध कसं करणार ते मला माहीत नाही, पण पटतं.

रंगवायला बसलेल्या पोराच्या डोळ्यांपुढे सहसा रेसिंगमधली हेल्मेटं असतात. तिथेच पहिली गफलत होते, कारण त्याला आठवतं ते आजकालचं दहा थरांचं काम. मोटारसायकल रेसर व्हॅलेंतिनो रॉस्सीने २००८ साली इटलीतल्या मुजेल्लोच्या शर्यतीत घातलेलं हेल्मेट घ्या. आल्दो द्रुदी या त्याच्या नेहमीच्या कलाकाराने टाळूवर रॉस्सीचाच डोळे विस्फारलेला, घाबरलेला चेहरा उतरवला होता. तो झुकला की समोरच्याला तोच चेहरा दिसायचा. फार मजेदार कल्पना, पण घरी जमणारी नाही. त्याच्या आधीच्या पिढीकडे पाहिलं तर जीवात जीव येतो. ग्रॅहम हिल १९६२ आणि १९६८ साली फॉर्म्युला वनचा विजेता झाला. त्याचं हेल्मेट म्हणजे गडद निळा रंग आणि त्यावर लंडन रोइंग क्लबच्या वल्ह्यांची पांढरी पाती. बस. त्याच्या मुलाने, डेमनने, तीच पाती मिरवत १९९६ साली विजेतेपद मिळवलं. जॅकी स्ट्युअर्टचं पांढरं हेल्मेट आणि भोवती स्कॉटिश चौकड्याची पट्टी. आयर्टन सेनाचं पिवळं हेल्मेट साओ पावलोच्या सिद मोस्का या रंगाऱ्याने केलं होतं. पिवळ्यावर एक हिरवा पट्टा, एक निळा पट्टा. जगातल्या सर्वांत ओळखीच्या हेल्मेटांपैकी हे एक, आणि ते करायला लागतात तीन रंग आणि मास्किंग टेप. दोनशे मीटरवरून ओळखू यावं हा त्या काळी रंगवण्याचा हेतू होता, त्यामुळे बारीक नक्षीला जागाच नव्हती. बजेट तुटपुंजं असलेल्याने ही शाळा धरावी.

कोल्हापुरात रंगाऱ्यांची वाण कधीच नव्हती. बाबूराव पेंटरांनी इथेच सिनेमा काढला आणि त्याची पोस्टरंही स्वतः रंगवली. पुढे बॅनर, पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची अक्षरं यांवर कितीतरी घरं चालली. फ्लेक्स आला आणि ते सगळं आटलं. उद्यमनगरातल्या एका गॅरेजात अशा पाट्या रंगवणारा एक जुना हात आता रंगाची स्प्रे-गन चालवतो. टाक्या, मडगार्ड, अपघातात चेपलेले दरवाजे, आणि अधूनमधून एखादं हेल्मेट. हेल्मेट घेऊन आलेल्या पोराला डिझाइन दाखवायची घाई असते. पेंटरकाका मोबाईलकडे बघतही नाहीत. हेल्मेट उलटं करतात, कडेचं रबर बोटाने जरा बाजूला सारतात आणि विचारतात, "हे कशाचं हाय? फायबरचं का प्लॅस्टिकचं?"

सगळा लेख खरं तर या एका प्रश्नाचा आहे.

हेल्मेटात दोन गोष्टी कामाच्या. बाहेरचं टणक कवच आणि आतला थर्माकोलचा जाड थर. कवच आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवतं. थर्माकोल चिरडलं जातं आणि चिरडता चिरडता डोकं थांबायला काही क्षण जास्त मिळवून देतं. मऊ अस्तर, हवेची भोकं, समोरचं पारदर्शक झाकण हे सगळं सोयीसाठी. बेळगाव आणि फरिदाबाद ही आपल्याकडच्या हेल्मेटांची मोठी गावं. हजार-दीड हजारांत मिळणाऱ्या हेल्मेटांचं कवच बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचं असतं, काहींचं पॉलिकार्बोनेटचं, आणि त्याहून महाग हेल्मेटांत फायबरग्लास किंवा कार्बनचं. फायबरग्लास एकदा घट्ट झालं की थिनरला सहसा दाद देत नाही. एबीएसवर ॲसिटोन पडलं तर ते विरघळतं, चिकट होतं, निदान झालेलं दिसतं तरी. पॉलिकार्बोनेटचं दुखणं वेगळं आणि जास्त वाईट. साच्यातून निघतानाच त्यात ताण अडकून राहिलेला असतो. थिनरमधले काही द्रव त्या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतात, त्यांची एकमेकांवरची पकड सैल करतात, आणि आधीच ताणलेल्या जागी केसाएवढ्या भेगा पडत जातात. वर छान रंग बसलेला, त्याच्याखाली भेग. हातात घेऊन कळत नाही, ठोकून कळत नाही. पडल्यावर कळतं.

अमेरिकेत १९७४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे हेल्मेटच्या आत एक सूचना चिकटवावी लागते. काही साध्या पदार्थांनी हेल्मेटचं गंभीर नुकसान होऊ शकतं आणि ते वापरणाऱ्याला दिसेलच असं नाही, अशा अर्थाची. ज्यांचं कवच अशा पदार्थांनी बिघडतं त्या हेल्मेटांवर युरोपीय मानकानुसार तर रंग, स्टिकर, पेट्रोल किंवा कुठलंही द्रावक लावू नका, असं सरळ लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या कंपन्यांची माहितीपत्रकंही रंगवू नका असंच सांगतात. ते पत्रक आपण खोक्याबरोबर रद्दीत टाकतो, ती गोष्ट वेगळी. तेव्हा पहिली बाजू स्पष्ट असू द्या. बनवणाऱ्याची परवानगी नाही, वॉरंटी गेली, पुढची जबाबदारी रंगवणाऱ्याची.

थर्माकोलचं तर सांगायलाच नको. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी येईपर्यंत गणपतीची मखरं त्याचीच व्हायची. ज्यांनी कधी मखरावर सोनेरी स्प्रे मारला आहे त्यांना आठवत असेल, पाहता पाहता खांबाला खड्डे पडतात, कमान खाल्ल्यासारखी होते. मखराला लागायचं तेच थर्माकोल, जरा जास्त घट्ट केलेलं, हेल्मेटच्या आत असतं. त्यावर स्प्रेचा फवारा उडाला, पेट्रोलचा बोळा फिरला, तर तिथेही तेच होणार. पेट्रोल पंपावर हेल्मेट टाकीवर ठेवून झाकण उघडणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.

मग रंगवूच नये का? पेंटरकाकांचं उत्तर व्यवहारी आहे आणि मला ते बरोबर वाटतं. कंपनीतून आलेल्या हेल्मेटवर रंगाचा आणि त्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, थर आधीच असतो. तो कवचाचं कातडं आहे. आपण जे काही करायचं ते त्या कातड्यावर करायचं, सोलून नाही. फायबरचं असेल तर मोकळेपणाने, एबीएस असेल तर हात राखून आणि जुना थर शाबूत ठेवून, आणि पॉलिकार्बोनेट असेल तर थिनरवाला रंग नकोच. कशाचं आहे हेच कळत नसेल तर ते पॉलिकार्बोनेटचं आहे असं धरून चालायचं. फायबरच्या कवचाच्या कडेला, रबराच्या खाली, धाग्यांची वीण दिसते. काका रबर सारून तीच बघत होते.

आता घासणं. याला लोक कंटाळतात, म्हणून याच्यावरच जरा रेंगाळू या.

आधी झाकण, त्याच्या बाजूच्या चकत्या, हवेची भोकं झाकणारे तुकडे, आतलं अस्तर, जे जे निघतं ते सगळं काढायचं. स्क्रू आणि चकत्या एका डबीत, डावं-उजवं लिहून. हेल्मेट कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवायचं. बाईक चमकवायचं पॉलिश कधी लावलं असेल तर दोनदा. त्यातल्या सिलिकॉनचा अंश राहिला की ताजा रंग त्या जागेपासून पळतो आणि बारीक गोल खळगे पडतात. वरून कितीही रंग मारा, भरत नाहीत. आतला भाग वर्तमानपत्राने गच्च भरायचा, कडेच्या रबरावर आणि पट्ट्यावर मास्किंग टेप. मग पाण्यात भिजवलेला ८०० नंबरचा वॉटर पेपर घ्यायचा आणि हलक्या हाताने, गोल गोल, सगळीकडे सारखं घासायचं. भोकांच्या कोनाकोपऱ्यांत कागद पोचत नाही, तिथे भांड्याची हिरवी घासणी.

इथे नजर पाण्यावर हवी. घासताना निघणारं पाणी दुधट पांढरं असेल तोवर आपण फक्त क्लिअर घासतो आहोत. त्यात रंग उतरायला लागला, काळ्या हेल्मेटचं पाणी राखाडी-काळं झालं, की क्लिअर संपला, थांबायचं. उभार कडांवर हे सर्वांत आधी होतं, कारण तिथे थर मुळातच पातळ असतो आणि बोटांचा दाब जास्त पडतो. म्हणून कडा शेवटी, अगदी दोन-चार हात. नंतर पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, उजेडात तिरपं धरायचं. सगळीकडे एकसारखी निस्तेज झाक आली पाहिजे. जिथे अजून चमकतंय तिथे रंग धरणार नाही. चार महिन्यांत नखाने पापुद्रा निघेल. एकदा हे झालं की उघड्या बोटांनी हेल्मेटला हात लावायचा नाही. बोटांचं तेलही पुरतं.

जुन्या ओरखड्याची खोबण असेल तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा मोह होतो. उथळ ओरखडा असेल तर ठीक. खोल असेल, आणि तो हेल्मेट पडल्याचा असेल, तर लांबीचा विचार सोडा, हेल्मेटचा विचार करा.

घासण्यात एक संध्याकाळ जाते. स्प्रे मारायला मोजून दहा मिनिटं लागतात आणि बाकीचा दिवस वाळण्याची वाट बघण्यात जातो. प्रायमरचे दोन हात, मूळ रंगाचे तीन, मधे मधे पंधरा-वीस मिनिटं. स्प्रेचा डबा आतल्या गोळीचा आवाज आल्यानंतरही दोन मिनिटं हलवायचा. हेल्मेटपासून वीतभर दूर, फवारा हवेत सुरू करून हेल्मेटवरून न्यायचा आणि पलीकडे हवेतच बंद करायचा. पहिल्या हातात खालचा रंग पूर्ण झाकला जात नाही आणि झाकला जाऊही नये. नवशिक्याला धीर निघत नाही, तो त्याच जागी पुन्हा बोट दाबतो आणि ओघळ येतो. ओघळ ओला असताना पुसायला गेलं की चटणी झालीच. तो वाळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी ६०० च्या कागदाने सपाट करायचा, पुन्हा एक हात. चिलट बसलं तरी हाच उपाय. चिमट्याने काढायला जाऊ नका, रंग वाळला की त्याचा पायही राहत नाही. पातळ हातांचा दुसरा फायदा मघाच्या रसायनाशी आहे. द्रावक थोडं पडतं, लवकर उडून जातं, खाली मुरायला त्याला सवड मिळत नाही.

मुहूर्त म्हणाल तर पावसाळा सरल्यानंतरचा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत स्प्रे मारलेला लॅकर पांढरट पडतो, धुकं बसल्यासारखा. रंगातलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात हे संकट नाही. उन्हात मारायचं मात्र नाही, सावलीत मारायचं. मे महिन्यात अकोल्या-नागपूरकडे तर स्प्रेचा डबाच गच्चीवर विसरू नये. पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका असं त्यावर लिहिलेलं असतं आणि तिकडे पत्र्याखाली तेवढं सहज होतं. दिवाळीच्या चार दिवसांत खालून फटाक्यांची राख वर येते, म्हणून एक तर वसुबारसेच्या आधी नाहीतर भाऊबीज उलटल्यावर. काम सुरू करण्याआधी गॅलरीच्या फरशीवर पाणी मारून ठेवावं, धूळ बसते. वाळवण्यासाठी केस वाळवायचं यंत्र किंवा ओव्हन वगैरे चाळे करू नयेत. शंभर अंशांच्या आतच थर्माकोल आकसायला लागतं.

आता क्लिअर, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर. बजेटचं गणित इथे फसतं. दोन-अडीचशेच्या डब्यातला साधा क्लिअर दिसायला चांगला असतो, पण पेट्रोलचा एक थेंब त्याला पुरतो. जागा मऊ होते, बोटाचा ठसा उठतो. गाड्यांना मारतात तो हार्डनर मिसळलेला दोन भागांचा क्लिअर पेट्रोलला जुमानत नाही, उन्हात पिवळाही लवकर पडत नाही. म्हणून व्हिडिओ बघून आलेली पोरं तोच घरी मारायला निघतात. तो घरी मारू नये. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. हे नाव आपल्याला भोपाळमुळे ठाऊक आहे; १९८४ साली तिथे गळाला तो मिथाइल आयसोसायनेट वेगळा, हार्डनरमधली रसायनं वेगळी, पण कूळ एक. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराने धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास कोंडतो. बाहेरच्या हवेची नळी असलेला मुखवटा घालून करायचं हे काम आहे. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वर गॅलरीच्या शेजारी कुणाची तरी खिडकी असते, तिथे म्हातारे असतात, बाळं असतात. आपल्या हौसेचा वास त्यांनी का घ्यावा?

यावर तोडगा उद्यमनगरात रोज दिसतो. रंग घरी करायचा, आठवडाभर वाळू द्यायचा, आणि शेवटचा हात गॅरेजवाल्याकडून मारून घ्यायचा. त्याच्या गनमध्ये कुठल्या तरी दरवाजासाठी क्लिअर भरलेला असतोच, हेल्मेट बाजूला टांगलं की काम होतं. ओळख असेल तर चहावर, नाहीतर दोनशे ते पाचशे. दोन गोष्टी आधी बजावून सांगाव्या लागतात. मारण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसायचं नाही, कारण हाताला ती सवयच असते. आणि पहिला हात अगदी धुक्यासारखा मारायचा, नाहीतर खालचा डब्यातला रंग सुरकुतून वर येतो. पॉलिकार्बोनेटच्या हेल्मेटला हाही मार्ग बंद.

स्प्रेशिवायचा मार्ग मला जास्त आवडला. पुण्यात एका होस्टेलमध्ये राहणाऱ्या, आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीच्या हेल्मेटवर वारली चित्र होतं. वारली नक्षीची हेल्मेटं, पर्स, मोबाईलची कव्हरं आता उदंड झाली आहेत आणि त्यातली बरीचशी नुसती छापील त्रिकोणांची रांग असते, म्हणून मी आधी फारशा उत्साहाने पाहिलं नाही. तिने डोकं चालवलं होतं. हेल्मेट मुळातच गेरूच्या जवळ जाणाऱ्या मॅट तपकिरी रंगाचं विकत घेतलेलं. म्हणजे प्रायमर नाही, मूळ रंग नाही, स्प्रेचा प्रश्नच नाही. हलकं घासून त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एकच पांढरा मार्कर. चुकलं की ओल्या फडक्याने पुसायचं. पाण्याचा रंग प्लॅस्टिकला इजा करण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही, हा यातला मोठा फायदा. पॉलिकार्बोनेटवर काही करायचंच असेल तर एवढंच करावं, तेही कंपनीचा थर न छेडता. मार्कर महाग वाटला तर आपल्या कॅम्लिनची ॲक्रिलिकची ट्यूब आणि शून्य नंबरचा ब्रश आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या या कंपनीच्या रंगांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांचे शाळेचे गणवेश खराब केले आहेत, एखादं हेल्मेट चांगलं करायला हरकत नाही.

चित्र मी जवळून पाहिलं. तारपा वाजवणारा माणूस तिने बरोबर टाळूवर, मध्यभागी काढला होता आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वेटोळं घेत खाली कानांपर्यंत उतरत होती. भिंतीवर हे वेटोळं सपाट असतं. इथे हेल्मेटचा घुमट मिळाल्याने ते खरोखर फिरतंय असं वाटत होतं. खालच्या ओळीतली माणसं मोठी, वर जाताना बारीक. हवेच्या भोकाशी साखळी तुटू नये म्हणून एका बाईचा हात भोकाच्या कडेवरून वळवून पुढच्याच्या हातात दिलेला. काही ठिकाणी पांढरा पातळ लागून खालचा तपकिरी दिसत होता, आणि तेच बरं दिसत होतं. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात चावलेली बांबूची काडी बुडवून काढलेली मूळ चित्रंही अशीच कमी-जास्त उमटतात. पालघर भागातल्या घरांच्या भिंतींवर बायका लग्नासाठी जे काढत त्याला जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर, कापडावर आणलं, जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. या मुलीने त्यांची चित्रं नीट पाहिली असावीत, कारण तिच्या नाचणाऱ्यांच्या कमरा वाकलेल्या होत्या. छापील वारलीत सगळे ताठ असतात.

खर्चाचं सांगायचं तर तिचं सगळं मिळून पाचशेच्या आत झालं, हेल्मेट सोडून. स्प्रेवाल्याला प्रायमर, एक रंग, एक क्लिअर असे तीन डबे, पेपर, टेप धरून साधारण नऊशे-हजार लागतात. प्रत्येक जास्तीच्या रंगाला दोन-अडीचशे धरा. पुण्याच्या बोहरी आळीत आणि ऑनलाइन भावात दहा-वीस टक्क्यांचा फरक पडतो, पण आळीत दुकानदाराला डबा हलवून दाखवायला सांगता येतं. सर्वांत स्वस्त रेडियमवाला. नंबरप्लेट करून देतो तोच शे-दीडशेत नाव, चंद्रकोर, राजमुद्रा कापून देतो. कागदी भाग सोलून चिकटवलं की झालं. त्याच्याकडून निदान पांढऱ्या चमकणाऱ्या पट्टीचे चार तुकडे तरी घ्यावेत. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. फ्रान्समध्ये हेल्मेटवर असे चार तुकडे लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मागे रक्तगट आणि घरचा फोन लिहिणारेही आहेत, आणि कवटीपेक्षा ते शोभून दिसतं असं माझं मत.

एक जागा मात्र कुणीही रंगवू नये किंवा घासू नये, ती म्हणजे मागची आयएसआयची खूण. २०२१ च्या १ जूनपासून आयएस ४१५१ या मानकाची खूण नसलेलं हेल्मेट देशात विकताच येत नाही, आणि नसलेलं डोक्यावर असेल तर पोलिसांच्या लेखी ते डोकं उघडंच. फूटपाथवर तीनशेला मिळणाऱ्या टोपीवरही ती खूण छापलेली असते, त्यावर काय बोलणार. पण बजेटचा विषय आहे म्हणून सांगतो, अशी टोपी घेऊन तिच्यावर हजाराचा रंग चढवणारे मी पाहिले आहेत. समोरच्या झाकणावरही रंगाचा किंवा थिनरचा शिंतोडा नको. ते पॉलिकार्बोनेटचंच असतं, आणि त्याच्यातून बघायचं असतं.

जुनं हेल्मेट विकत घेऊन रंगवावं का, असा प्रश्न नाना पेठेत पोरं विचारतात, कारण तिथे ती मिळतातही. नको. ते कुठे आपटलं आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि एकदा चिरडलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही. शिवाय रंग चढवून भेग लपवता येते हे आपल्याला कळतं तसं विकणाऱ्यालाही कळतं. सरावासाठी मात्र असं हेल्मेट उत्तम. पन्नास-शंभराला घ्यावं, त्याचा पट्टा आधी कापून टाकावा म्हणजे कुणी चुकूनही घालणार नाही, आणि त्यावर ओघळ, खळगे, सुरकुत्या सगळं एकदा करून घ्यावं.

नव्या हेल्मेटलाही वय असतं. कंपन्या तीन ते पाच वर्षांनी बदला म्हणतात. घाम, ऊन, केसांचं तेल यांनी आतलं सगळं सैल होतं. आणि एकदा डोक्यासकट रस्त्यावर आपटलं तर त्याच दिवशी बदलायचं, वर कितीही सुंदर तारपा वाजत असला तरी. त्या मुलीला हे पक्कं माहीत होतं. रंगवायच्या आधी तिने पूर्ण वेटोळं ट्रेसिंग पेपरच्या पाकळ्यांवर उतरवून घेतलं होतं, कलिंगडाच्या फोडींसारख्या आठ पाकळ्या, म्हणजे सपाट कागद घुमटावर सुरकुत्या न पडता बसतो. त्या पाकळ्या, उरलेला मार्कर आणि ८०० चा अर्धा कागद असं सगळं तिने एका जाड पाकिटात ठेवलं आहे. पाकिटावर हेल्मेटचं मॉडेल, माप आणि आतल्या लेबलवरचा उत्पादनाचा महिना लिहिला आहे.